कपाटामागची बुरशी

आई : आणि ती आपल्या घरातली आहे, हे कुणाला सांगितलं नाहीस ना?

लेक : नाही गं. चंबूवर नुसता आकडा टाकलाय.

आई : बरं केलंस. माझ्या फरशीवर ताटाशिवाय जेवावं म्हणतात शेजारी, आणि लेकीनं घरातून नेलं काय, तर बुरशी!

लेक : तू ती भिंत त्याच दिवशी घासली असशील.

आई : ते राहू दे. इथं तुमच्या प्रयोगशाळेत काय शिजतंय ते सांग.

लेक : शिजत नाही, आंबतंय. या चंबूत साखरेचं पाणी. त्यात तुझी बुरशी वाढते...

आई : माझी म्हणू नकोस!

लेक : बरं, ती बुरशी. वाढताना ती पाण्यात जे सोडते, त्यानं जंतू मरतात का, हे बघायचं. दोनदा मेले. तिसऱ्यांदा काहीच नाही. आजही नाही जमलं, तर मॅडम काम बंद करणार.

आई : तिसऱ्यांदा कुठं बिनसलं?

लेक : माझंच चुकलं. चांगली वाढावी म्हणून साखर जास्त घातली.

आई : मग? वाढली नाही?

लेक : मस्त फुगली! आणि आयतं खाऊन बसून राहिली. खायला कमी असलं की आपला घास राखायला जंतूंशी भांडते. पोट भरल्यावर कशाला भांडेल?

आई : लाड केलेस.

लेक : तुझ्याच हाताखाली वाढलेय ना.

आई : माझ्या लाडांनी कुणी बसून राहिलं नाही हं!

(मॅडम आत येतात.)

मॅडम : या आई का? बसा ना. काढलीस का गं प्लेट?

लेक : काढते, मॅडम. आई, हात लावू नकोस, लांबूनच बघ. हा दुधाळ थर म्हणजे सगळे जंतू. डाव्या खळग्यात नुसतं साखरेचं पाणी, उजव्यात बुरशीचं गाळलेलं.

आई : डावीकडे थर तसाच आहे. उजवीकडे... अगं, उजवीकडे स्वच्छ गोल पडलाय! काच पुसून घ्यावी तसा!

लेक : मॅडम?

मॅडम : दिसतंय मला. पट्टी लाव. हं, पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा. साखर किती घातलीस?

लेक : निम्मी केली.

मॅडम : शाब्बास. काम चालू ठेव. आता त्या पाण्यातलं नेमकं कोणतं द्रव्य जंतू मारतंय ते शोधू. कदाचित कुणाला आधीच सापडलेलं असेल, कदाचित नसेल. पण बुरशी आणलीस कुठून, हे अजून सांगितलं नाहीस.

लेक : ते... एका ओलसर भिंतीवरून, मॅडम.

मॅडम : कुणाच्या?

आई : आमच्या. झोपायच्या खोलीत, कपाटामागं.

लेक : आई!

आई : आहे ते आहे. आणि कमी पडली तर सांगा, मॅडम. अजून आहे तिथं. मी पुसली नाहीये.