लेव्हलला दोन माणसं

— कागद मांडीवर दाबून धरा, पंख्याच्या वाऱ्यानं उडेल. आणि बसा आधी. उभ्यानं विचारलं की माणसाला चौकशी वाटते, बसून विचारलं की गप्पा वाटतात — हे आमच्याकडे फुकट शिकवतात, तुमच्या कॉलेजात फी किती होती कोण जाणे. हो, हो, ऐकलं मी, कान शाबूत आहेत. लूमची लेव्हल लावायला दोन माणसं का, एक का नाही — हेच ना? एक पंडित फिटर, म्हणजे मी, आणि दुसरा लोटू. दोघं मिळून एका लूमपुढे वाकून बसतात, आणि साहेबांच्या हिशेबात काम एकाचं आहे. बराबर. साहेब, तुम्हाला भेस्तानच्या या खात्यात — तुमच्या भाषेत कारखान्यात — येऊन दहा दिवस झाले. दहा दिवसांत तुम्ही भिंतीवर पांढरा फळा लावलात, त्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्यात — हिरवी म्हणजे काम झालं, पिवळी म्हणजे चाललंय, आणि लाल म्हणजे पंडित. हसताय? मी नाही म्हणत, कारीगर म्हणतात. चांगलं आहे, फळा असावा. पण सकाळी सहाला मोबाईलवर मेसेज टाकता — ‘कालच्या उशिराचं कारण कळवा’ — सगळ्यांना एकदम. अठ्ठेचाळीस लूम, त्यांचे कारीगर, सगळे उठून दात घासायच्या आधी कारण शोधायला लागतात. आणि कारण शोधायला बसलेला माणूस काम करत नाही, तो दुसऱ्याचं नाव शोधतो. मला ठाऊक आहे. मी शोधलंय.

ते राहू द्या. तुम्ही नूतनताईच्या जागी आलात, म्हणून तुम्हाला नूतनताईचंच सांगतो, त्यातच तुमचं उत्तर आहे. आहे म्हणजे — असेल. चहा घ्या.

नूतन आमच्या लोटूची पोर. नऊ नंबर लूमवर बाप, आणि त्याच खात्यात पोरगी प्रॉडक्शन बघायला आली. पहिल्या दिवशी लोटूनं लाजेनं रजा टाकली. दुसऱ्या दिवशी आला तर ही सगळ्यांना दादा, नाना, भाऊ म्हणतेय, आणि बापापुढे येऊन थांबली. घरी आबा म्हणते, इथं काय म्हणणार? म्हणाली, ‘नऊ नंबर, तुमचा ताका कुठवर आला?’ सगळं खातं हसलं, आणि लोटूनंही हसून सांगितलं, ताक्याचं कापड किती विणून झालं ते. मी नाही हसलो. मला वाटलं, काल-परवापर्यंत हिला माझ्या हातानं खाऊच्या गोळ्या दिल्यात, आज ही मला विचारणार? चौतीस वर्षं, साहेब. शिरपूरहून आलो तेव्हा ओठावर मिसरूड नव्हतं. या खात्यातला एक एक लूम माझ्या हातानं उघडलेला आणि बंद केलेला आहे.

तेव्हा खातं शहराच्या दुसऱ्या टोकाला, कतारगामात होतं. जागा खाली करायची आणि अठ्ठेचाळीस लूम इथं भेस्तानला आणून बसवायचे — दहा दिवसांत, आणि काम बंद पडता कामा नये. शेठनं ते नूतनवर सोपवलं. शेठच्या मुलानं आधी एक यादी केली होती — एक नंबरपासून अठ्ठेचाळीसपर्यंत, रोज पाच लूम, ओळीनं. कागदावर कसं छान दिसत होतं, अगदी तुमच्या फळ्यासारखं. नूतननं ती यादी घेतली, दिवसभर खात्यात फिरली, आणि प्रत्येक कारीगराला एकच विचारलं — तुझा बीम किती दिवसांत संपतो? तुम्ही कापडाच्या धंद्यातले नाही म्हणून सांगतो, बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा तो मोठा रूळ. अर्धा भरलेला असताना लूम हलवला तर हजारो धागे कापावे लागतात, आणि परत जोडायचे म्हणजे दोन दिवस. तिनं काय केलं, ज्याचा बीम ज्या दिवशी संपेल तो लूम त्याच दिवशी हलवायचा. आधी एकतीस, मग चार, मग बावीस. शेठचा मुलगा म्हणाला, हे काय वेड्यासारखं. मीही म्हणालो. पण पहिल्या तीन दिवसांत एक धागा कापला गेला नाही, साहेब. इकडे सोळा लूम ठकठक करायला लागले आणि तिकडे उरलेले चालूच.

आणखी एक केलं तिनं. प्रत्येकाला विचारलं, नव्या जागेत तुझा लूम कुठं हवा? आता हे विचारायचं असतं का? कुणाला पाण्याच्या माठाजवळ हवा, कुणाला दारापासून लांब, आणि ते दोघे साडू, एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्यांना दोन टोकांना. मी सगळ्यांसमोर म्हणालो — नूतनताई, लूम हलवताय की लग्नाच्या पंगती बसवताय? सगळे हसले. तीही हसली, म्हणाली, नाना, पंगतीत माणूस नीट बसला की वाढणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. माझंच बोलणं माझ्यावर उलटलं, आणि तसं झालं की माझं डोकं फिरतं.

चौथ्या दिवशी भानगड झाली. अठरा नंबर आणि त्याच्या शेजारचे सात, असे आठ लूम, त्या भिंतीकडचे. चालू केले की हादरायचे. धोटा मध्येच आपटायचा, धागे तुटायचे, कारीगर जोडून जोडून रडकुंडीला आले. लूम जमिनीवर नुसता ठेवून चालत नाही — लेव्हलच्या काचेच्या बाटलीतला बुडबुडा बघत बघत त्याच्या पायाखाली पत्र्याचं पॅकिंग घालायचं, बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की लूम सपाट बसला. ते काम माझं. एकट्याचं. म्हणजे दोष कुणाचा? — अं? बोला की, एरवी सकाळी सहाला विचारता. मी सांगितलं, फरशी. नवी फरशी उताराची आहे, ठेकेदार कच्चा आहे, आणि फरशी बघायचं काम नूतनचं होतं. कारीगरांना सांगितलं. आणि — सांगतो आता, त्यात काय — शेठनाही फोन लावून सांगितलं. म्हटलं, पोर हुशार आहे, पण जागेवर नजर नाही.

नजर नाही, असं मी म्हणालो. मी.

दोन दिवस ते आठ लूम बंद. शेठचा दर तासाला फोन, ‘केटला थया?’ — किती झाले, किती झाले. ती प्रत्येक फोनला खरा आकडा सांगायची, कमी असला तरी तोच. मी आपला लांबून बघतोय. मला वाटलं, आता रडेल, आता बापाला मध्ये घालेल, आता माझ्या पाया पडेल, की नाना काहीतरी करा. दुसऱ्या दिवशी दुपारी आली. एकटीच. कारीगर डबे उघडून बसले होते. अठरा नंबरपाशी मी वाकलेलो, तर ती समोर उकिडवी बसली, बाटली हातात घेतली, फ्रेमवर ठेवली आणि म्हणाली, ‘नाना, बुडबुडा कुठं आहे?’

मी म्हणालो, मधोमध.

तिनं बाटलीकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, ‘बराबर,’ आणि बाटली उचलून खिशात घातली आणि गेली. इतकंच. पण तिच्या त्या ‘बराबर’वरून मला कळलं, साहेब, की तो मधोमध नव्हता. पार टोकाला असणार. ते पहिले सोळा खिडकीकडचे होते, तिथं उजेड भरपूर, मान तिरपी केली की जमायचं. इकडे भिंतीशी — मला मधलंच दिसत नाही. कडेकडेचं दिसतं, जिथं बघावं तिथंच पुसल्यासारखं होतं. मोतीबिंदू असता तर काढला असता. डॉक्टर म्हणाला, साखरेच्या आजारानं डोळ्याच्या पडद्यावर आलंय, आहे तेवढं सांभाळा. कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला सुद्धा अर्धंच. न दिसणाऱ्या फिटरला कोण ठेवतो? — तुम्ही ठेवाल? नका, नका सांगू.

आता ऐका तिनं काय केलं. तासाभरात शेठ स्वतः आले. सगळ्यांसमोर विचारलं, आठ लूम का बंद, चूक कोणाची? मी मान खाली घातली. पंडितचं नाव येणार, आणि का नाही यावं — मी तिचं नाव दिलंच होतं की, आणि ते शेठनं तिला ऐकवलंही होतं, मला मागाहून कळलं. नूतन म्हणाली, ‘चूक माझी. अठ्ठेचाळीस लूमची लेव्हल मी एकाच माणसावर टाकली. एक दिवस जास्त लागेल.’ शेठ म्हणाले, फरशीचं काय? ती म्हणाली, फरशी मी स्वतः तपासली आहे, ठीक आहे. झालं. खोटं एक अक्षर बोलली नाही, आणि खरं जे होतं ते तिनं झाकून ठेवलं. असं बोलायला कुठल्या फळ्यावर शिकवतात मला सांगा.

शेठ गेल्यावर तिनं सगळ्यांना बोलावलं. म्हणाली, आजपासून लेव्हलला दोन माणसं. एकानं बाटली बघायची, दुसऱ्यानं चालू लूमच्या फ्रेमवर हात ठेवून हादरा सांगायचा. हात पंडितनानांचा, तसा हात दुसरा नाही. बाटली कोण बघणार? — सगळे जमिनीकडे बघायला लागले. माझ्याबरोबर कोण काम करणार, माझी जीभ सगळ्यांना ठाऊक. आणि मग पुढं कोण झालं? लोटू. ज्याला मी वीस वर्षं चिडवलं, की लोटू म्हणजे लोटलं तरच चालणारा. ज्याच्या पोरीला दोन दिवस नावं ठेवत होतो मी. तो आला, बाटली घेतली, माझ्या शेजारी बसला, आणि आमच्या अहिराणीत हळूच म्हणाला — ‘उना, नाना. मझार उना.’ बुडबुडा मधे आला म्हणून. मी तळहात ठेवला फ्रेमवर. थोडी कुरकुर होती डाव्या पायाला, एक पत्री सरकवली, आणि अठरा नंबर असा चालला, असा चालला, जसा कतारगामात कधी चालला नव्हता. खोटं नाही सांगत. माझ्या हाताला कळतं ते बाटलीला कळत नाही, आणि बाटलीला कळतं ते आता मला — जाऊ द्या.

अकरा दिवस लागले. दहा म्हटले होते, अकरा लागले. अकराव्या दिवशी अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस चालू. मी तिच्याकडे गेलो. माफी मागायची होती, पण मला ते बोलणं जमत नाही, मी म्हणालो, ताई, तो शेठला फोन मीच केला होता. तर ती कागदात बघतच म्हणाली, ‘माहीत आहे नाना. तीस नंबरचा मागचा पाय बघून घ्या, आवाज येतोय.’ मी गेलो बघायला. खरंच येत होता.

आता इच्छापोरला नवं खातं उभं करतेय ती, शेठनं पाठवलं. आणि जाताना तुमच्यासाठी हा कागद लिहून गेली — काय लिहिलंय म्हणालात, परत वाचा? ‘लेव्हलला दोन माणसं. बदलू नये.’ बस? पुढं काही नाही? का बदलू नये, कोणाचं काय — काहीच नाही? बघा. तिनं नाही लिहिलं, आणि मी... मी तुम्हाला सगळं सांगून बसलो. एक चहा काय पाजला, आणि तुम्ही एक शब्द न बोलता ऐकत काय बसलात. हे बरं जमतं तुम्हाला. फळ्यापेक्षा हे जास्त येईल कामाला.

उठा आता. साहेब इतका वेळ बाकावर बसला की कारीगरांना वाटतं, ऑफिसात काम नाही. तो लोटू बोलावतोय, बाटली घेऊन उभा आहे बिचारा. — आणि पेन बाहेर काढलंच आहे तर लिहून टाका जे लिहायचं ते. माझ्यासमोरच लिहा, संकोच करू नका. मला कुठं वाचता येतंय.