सत्तेचाळिसातली एक तात

भागूबाई : असं लांबून काय दाखवताय, विश्वासअण्णा? हातात द्या. तुटकी तात काय चावती व्हय?

विश्वासराव : तात नाही अक्का, तार. हार्पची. परदेशातून वाद्यवृंद आलाय, साठ माणसं. आमच्या संगीतसभेनंच बोलावलाय. साडेसहाला कार्यक्रम, आणि सकाळी सराव करताना ही फाडदिशी तुटली. जादा तारांची पेटी मुंबईत राहिलीय. सेक्रेटरी जयतीर्थराव माझ्यावर ओरडले, कुठूनही आण म्हणून. मी कारकून, मी कुठून आणू?

भागूबाई : तार म्हणा, न्हाईतर सोन्याचा गोफ म्हणा. मेंढराचं आतडं हाय हे. पीळ बघा कसा एकसारखा बसलाय. सावलीत सुकवलंय. तिकडंबी कुणीतरी भागूबाई हाय म्हणायची.

विश्वासराव : म्हणून तर आलो. पिंजाऱ्यांच्या कमानीला तात देणारं अख्ख्या हलसुरात तुझंच घर. जमेल?

भागूबाई : तीन सुकून तयार हायत. ही स्वल्प जाड पडंल, काचेनं तासून काढते. पर आधी सांगा, हे हार्प दिसतं कसं? वीणेसारखं?

विश्वासराव : छे. उभं असतं. माणसापेक्षा उंच. दाराची चौकट एका बाजूनं वाकवल्यासारखं. आणि त्यात सत्तेचाळीस तारा.

भागूबाई : सत्तेचाळीस! वाजवणारा चुकत न्हाई?

विश्वासराव : वाजवणारी. बाई आहे. चुकू नये म्हणून काही तारा तांबड्या, काही काळ्या रंगवल्यात. खाली सात पेडल आहेत, सायकलला असतात तसे. पायानं दाबले की सूर बदलतो.

भागूबाई : म्हंजे हातबी चालतात, पायबी चालतात. मागावर बसल्यासारखं. आणि वाजवती काय? देवाचं?

विश्वासराव : त्यांच्या खेड्यापाड्यातली गाणी. मेंढपाळांची, कापणीला जाणाऱ्या बायांची. कुणी मोठा संगीतकार गावोगाव हिंडला, ती ऐकली, आणि वाद्यवृंदासाठी बांधली.

भागूबाई : मग त्या बायांना आत बसवतात काय ऐकायला?

विश्वासराव : ते... मला काय ठाऊक, अक्का.

भागूबाई : म्हंजे न्हाई. बरं, ऐका. बावीस वर्सं आतडी धुते, खरवडते, पिळते. माझ्या तातीचा आवाज मी एकच ऐकलाय, कापूस पिंजायचा. धुंय, धुंय. तिच्यातनं गाणं कसं निघतं ते एकदा ऐकायचंय मला. आत बसून. तात घेऊन जा, पर तेवढं झालं पाहिजे.

विश्वासराव : बायको माहेरी गेलीय. तिचा पास आहे माझ्याकडे. तिसरी रांग.

भागूबाई : शब्द?

विश्वासराव : शब्द. एकसष्ट साल आहे, अक्का. आता कोण जात बघतं?

भागूबाई : सगळीच बघतात. मनाईची पाटी तेवढी उतरवलीय. ती काच द्या इकडं.

(संध्याकाळचे सहा. सभागृहाचं मागचं दार.)

विश्वासराव : बसली, अक्का! हार्पवाल्या मॅडमनी चारदा ओढली, चारदा उतरली. पाचव्यांदा थांबली.

भागूबाई : नवी तात उतरायचीच. मध्ये एकदा परत ओढावी लागंल, सांगितलं काय?

विश्वासराव : सांगितलं. हे बघ, तू असं कर. या स्टुलावर बस. दार उघडं ठेवतो. इथूनसुद्धा अगदी स्पष्ट ऐकू येतं.

भागूबाई : आणि पास?

विश्वासराव : पुढच्या रांगांत मोठमोठे लोक आलेत गं. जयतीर्थराव स्वतः उभे आहेत.

भागूबाई : तात कुणाची ते त्यांना सांगितलंच न्हाई तुम्ही.

विश्वासराव : मॅडमनी पण विचारलं, कुणी केली, भेटायचंय म्हणाल्या. मी सांगितलं, दुकानातून आणली. आता दुकान बंद झालं, असंही म्हणालो.

भागूबाई : वा! माझ्या हाताला कुलूप लावून आलात!

जयतीर्थराव : विश्वास, काय आरडाओरडा? ही बाई कोण?

विश्वासराव : साहेब, ही... म्हणजे...

भागूबाई : भागूबाई. हलसूरच्या खाटकाच्या घरची. आत वाद्यावर ताणून बसवलीय ती तात माझ्या हातची.

जयतीर्थराव : तात? अय्यो, हा तर दुकानातली तार म्हणाला.

भागूबाई : बोकडाचं आतडं.

जयतीर्थराव : हरे श्रीनिवासा! मी बोट लावून वाजवून पाहिली की!

भागूबाई : मग बाकीच्या कशाच्या वाटल्या? केळीच्या सोपटाच्या? तुमच्या मृदंगाला काय बदामाची पानं मढवतात?

जयतीर्थराव : सरी, सरी, असू दे. तुझ्या कामाबद्दल मला आदर आहे, बाई. पण आत खुर्च्या खेटून आहेत. लोक वासाचं काहीतरी म्हणतील. मला सगळ्यांचं बघावं लागतं.

भागूबाई : दोनदा शिकेकाईनं न्हालेय. लग्नातलं लुगडं नेसलेय. या, घ्या वास. या की! तात आत गेली तवा न्हाई आला?

जयतीर्थराव : विश्वास, समजाव हिला.

विश्वासराव : साहेब, मी शब्द दिलाय.

जयतीर्थराव : शब्द? आणि नोकरी कुणी दिली तुला?

विश्वासराव : तुम्ही. ती तुमच्या हातात आहे. पास माझ्या खिशात आहे. चल, अक्का.

जयतीर्थराव : विश्वास! उद्या ऑफिसात ये, मग बोलू!

विश्वासराव : येतो. मॅडमना खरं सांगून येतो. इकडून, अक्का. पायरी आहे, जपून.

भागूबाई : नोकरी जाईल की तुमची.

विश्वासराव : गेली तर गेली. ही बघ, तिसरी रांग. बस.

भागूबाई : ती व्हय? पांढऱ्या झग्यातली? वाद्याला मिठीच मारलीय की बाईनं.

विश्वासराव : हळू बोल. सुरू होतंय.

भागूबाई : ...हे कसलं गाणं?

विश्वासराव : कागदावर लिहिलंय, कापणीचं.

भागूबाई : कळतंय. ऐका, थोडं चाललं की थांबतं. बाया कंबर सरळ करतायत.

विश्वासराव : तुझी कुठली, ओळखू येते?

भागूबाई : मघाधरनं तेच हुडकतेय. एकदा वाटलं ही, मग वाटलं ती. न्हाई सापडत.

विश्वासराव : वाईट वाटतंय?

भागूबाई : कशापायी? निराळी ऐकू आली असती तर बेसूर म्हणायची.

विश्वासराव : अक्का, जयतीर्थराव वळून वळून आपल्याकडे बघतायत.

भागूबाई : बघू द्या. तुम्ही पुढं बघा.