त्या रविवारचा भाग

मी मूळची नशिराबादकडची, ताई. बापानं बाप्तिस्मा घेतला तव्हा मी मायच्या पोटात व्हती. शाळेचं तोंड पाहिलं नही. वाचायले शिकली ते लग्न होऊन जळगावात मेहरूणले आल्यावर, आमच्या मंडळीतल्या, म्हंजे चर्चमधल्या, एका म्हाताऱ्या बाईकडं, तिले बठ्ठे, सगळेच, अक्का म्हणत, आणि तिच्याजवळ शिकवायले पुस्तक एकच, पवित्र शास्त्र. पाटी नही, बाराखडी नही, पहिल्या पानापासून ओळीवर बोट ठेवून चालायचं. काय सांगू तुम्हाले, आजबी दुकानाची पाटी वाचताना मी अडखळते, पण शास्त्राचं कोणतंबी पान काढून द्या, वाचते. अक्काचं एकच म्हणणं, गाळायचं नही. नावांची लांबलचक यादी येऊ दे, समजो न समजो, जांभया येऊ दे, गाळायचं नही. आपल्याले गोड लागतं तेवढंच वाचलं तर ते आपलं पुस्तक झालं, देवाचं कसं, असं म्हणायची.

आमचे हे लवकर गेले, टायफाइड झाला व्हता. मग मी डाळमिलमध्ये तूर निवडायले लागली. दिवसभर मांडी घालून बसायचं, खडा वेगळा, डाळ वेगळी, नाकात भुकटी, संध्याकाळी पाय सरळ होत नही. पोरगा एकच, दानियल, दानू म्हणते मी त्याले. त्याले बारावीपर्यंत शिकवला. आणि अक्का गेल्यावर रविवारी उभं राहून वाचायचं काम माझ्याकडं आलं. आमची मंडळी लहान, साठ-सत्तर माणसं, मिलवाली, झाडूवाली, दोन मास्तर, बठ्ठे सतरंजीवर बसणारे. आमच्या इथली रीत अशी की दर रविवारी एक अध्याय, मागच्या खेपेले जिथं थांबलो तठून पुढं. लग्न असो, मयत असो, भाग बदलायचा नही.

नव्वदच्या पुढंमागं नगरपालिकेची निवडणूक लागली. उभा राहिला तो माणूस आमच्याच भागातला, नाव नही घेत, भाऊ म्हणायचे त्याले. आता खोटं कसाले बोलू, मी त्याचीच व्हती. मिलच्या बायांले प्यायच्या पाण्याचा नळ त्यानं भांडून आणला व्हता, आम्ही त्याचं नाव घेऊन पाणी प्यायचो. दानू त्याच्या जीपमागं फिरायचा, भाऊनं त्याले शब्द दिला व्हता, निवडून आलो की तुले शाळेत कारकून लावतो. आणि मंडळीले शब्द दिला व्हता कब्रस्तानाच्या भिंतीचा, कारण तठी डुकरं शिरायची हो, आमच्या यांच्या मातीवरबी. मग मंडळीच्या पंचांनी ठरवलं, भाऊले रविवारी उपासनेले बोलवायचं, सत्कार करायचा. दानूच मध्ये व्हता त्याच्यात.

शनिवारी संध्याकाळी मी नेहमीसारखा दुसऱ्या दिवशीचा भाग काढला. शास्त्रातल्या प्रेषितांच्या पत्रांचा भाग चालू व्हता. त्यात काय निघालं ऐका, की तुमच्या सभेत सोन्याची अंगठी घातलेला, झकपक कपड्याचा माणूस आला आणि तुम्ही त्याले म्हणालात अठी बसा, आणि गरिबाले म्हणालात तू तठी उभा राहा, नही तर माझ्या पायापाशी बस, तर तुम्ही वाईट मनाचे न्यायाधीश झालात. असं शे ते, माझ्या शब्दांत सांगितलं. मी दोनदा वाचलं. त्याच खोलीत दानू उद्याचा शर्ट इस्त्री करत व्हता, गाणं गुणगुणत व्हता. मी पुस्तक मिटलं आणि चूल पेटवली.

रविवारी मास्तरांच्या घरून हाताची खुर्ची आणली, वर टॉवेल टाकला. खुर्ची ठेवायले जागा पाहिजे, तर पुढं बसायची ती राहेलबाई, झाडूकामातली, कमरेत वाकलेली, तिले उठवून दाराशी चपलांजवळ बसवलं. कोणी उठवलं? माझ्या दानूनं. भाऊ आला, हातात तीन अंगठ्या, जळगावचाच माणूस, सोन्याची काय कमी. आमचे पाळक, उपासना चालवणारे, माझ्यापाशी आले, हळूच म्हणाले, बाई, आज एखादं लहान स्तोत्र वाचा, यांना पुढं सभा आहे. मी म्हटलं, साहेब, आजचा भाग ठरलेला शे. त्यांनी पान पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं. हे नको, बाई, म्हणाले. पण मी उभी राहिलेली व्हती.

पूर्ण वाचलं. अंगठीच्या ओळीले मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. भाऊ रागावला नही, खोटं कसाले सांगू, त्यानं फक्त हात अंगावरच्या शालीखाली घेतला. सत्कार झाला, चहा झाला, गेला. घरी आल्यावर मी ताट वाढलं, ते दानूनं सरकवलं. मी म्हटलं, बाबा, मी काय घरचं वाचलं का, देवानं लिहिलेलं वाचलं.

"लिहिलं देवानं, माय," तो म्हणाला, "पण वाचलं तू."

आठ दिवसांत धुळ्याले निघून गेला, तठी एका ट्रान्सपोर्टमध्ये लागला. भाऊ निवडून आला. कारकुनाची जागा दुसऱ्याले गेली, भिंत काही झाली नही. पंच बोलेनासे झाले. मिलमध्ये बाया डबा घेऊन दुसरीकडं बसायच्या, की हिच्यामुळं भिंत गेली. आणि मी, ताई, मी फुगली व्हती. वाटायचं, बठ्ठ्यांत एकटी मीच खरी. तूर निवडता निवडता भाऊले शिव्याशाप द्यायची, मनात, पण द्यायची.

तर पुढं पाचव्या रविवारी भाग कोणता आला? की सगळ्यांना मान द्या, राज्य करणाऱ्याले मान द्या, त्याच्या अधीन राहा. पाळक माझ्याकडं पाहत राहिले. बठ्ठी सतरंजी पाहत व्हती. देवाशपथ, मले वाटलं ताप आला म्हणावं आणि खाली बसावं. दोनदा थांबली, पण वाचलं, तेबी शेवटपर्यंत. तव्हापासून रोज प्रार्थनेत भाऊचं नाव घेते. पहिल्यांदा दात खाऊन घ्यायची. आता तसं नही.

दानूचं लग्न धुळ्यालेच झालं. पत्रिका पाळकांच्या पत्त्यावर आली, मंडळीच्या नावानं. मी एसटीनं गेली, मागच्या रांगेत बसली. जेवणाच्या वेळी तो पंगतीत फिरत आला, हात जोडून जय ख्रिस्त म्हणाला, बठ्ठ्यांले म्हणत व्हता तसंच, आणि पुढं गेला. संध्याकाळच्या गाडीनं मी परत आली. नातू झाला हेबी मले दुसऱ्याकडून कळलं. त्याले घर सोडून आता आठ वर्षं झाली. मिल सुटली, गुडघे गेले, पण रविवारी वाचते, कारण दुसरं कोणी पुढं येत नही. रोज संध्याकाळी घरातबी मोठ्यानं वाचते, तेवढाच घरात आवाज.

नवीन पाळकांनी विचारलं, बाई, तो रविवार पुन्हा आला तर वाचाल का. मी म्हटलं, वाचीन. ते खूश झाले, प्रवचनात सांगितलं. पण मी त्यांले अर्धंच सांगितलं, ताई. शनिवारीच मले माहीत व्हतं. पोरगा हातभर अंतरावर व्हता. दानू, उद्या असा भाग शे, तू त्या माणसाले पुढच्या रविवारी आण, एवढं म्हणायले काय लागलं असतं? शास्त्रात कुठं लिहिलं व्हतं की पोराले सांगू नको? मले बठ्ठ्यांसमोर वाचायचं व्हतं, त्यांची तोंडं पाहायची व्हती. ते देवाचं नही, ते माझं.

देव त्याले सुखी ठेवो, त्याच्या लेकराले मोठं करो. तुम्ही धुळ्याले गेल्या तर सांगा त्याले, माय बरी शे. आणि हेबी सांगा की... नही, ते राहू द्या. ते मलेच सांगायचं शे.