किकुएवहिनींच्या घरचं लोणचं

“सून गुणाची आहे रे गेन्पेई, पण तिचं मिसोचं सार म्हणजे निव्वळ पातेलं विसळलेलं पाणी!”

तोकुजी हे कुंपणापलीकडच्या मित्राला सांगत होते, आणि चिनात्सु रक्तदाबाचं यंत्र घेऊन नेमकी दारात उभी होती. या घरातला तिचा हा पहिलाच हिवाळा. सासरे आत आले, पांघरूण घातलेल्या उबदार मेजाखाली त्यांनी पाय सरकवले आणि मुकाट बाही वर केली. मुकाट म्हणजे बाहीपुरतंच.

“ऐकलंस की काय? नाही ना? ऐकलं असलंस तरी ते — ते त्याच्या सुनेबद्दल चाललं होतं. हळू गं, हात आहे तो, मुळा नव्हे! काय, बोलू नको? मी कुठं बोलतोय? एवढंच सांगतो, आकडा आज उतरणार म्हणजे उतरणार. नाही उतरला तर छाटणीला सफरचंदाच्या शिडीवर पाय ठेवायचा नाही म्हणतो तो डॉक्टर — काल मिशी फुटलेला पोरगा! माझी झाडं मग कोण छाटणार, कोहेई? तुझ्या नवऱ्याला नखं नीट कापता येत नाहीत. चाला म्हणाला — चालतो की मी! बर्फ असो नसो, रोज देवळापर्यंत. आता वाटेत घरं आहेत, त्याला मी काय करू? माणसं हाक मारतात, ‘या, चहा घ्या’ — आणि आपल्या गावात चहा कोरडा देतात का कुठं? बशीत लोणचं येतंच. नको म्हटलं तर घरच्या बाईचं तोंड उतरतं. मग एखादी फोड गेन्पेईकडे — मुळ्याचं असतं, खारट ढाण — एखादी तांदूळवाल्याकडे, आणि किकुएवहिनींकडे... तिथं जरा बसणं होतं. अशी बघू नकोस. बरं बाई, नाही पोचत देवळापर्यंत! वहिनींपर्यंत पोचतो. देव काय, जागचा हलतोय थोडाच?

“अगं, वहिनींची कृती म्हणजे तुझ्या सासूचीच. पालेभाजीच्या थराथराला अमरफळाची वाळवलेली साल घालायची ती. ती गेली तेव्हा पिंप अर्धं शिल्लक होतं — पुरवून पुरवून खाल्लं मी, उन्हाळ्यात आंबून गेलं तरी खाल्लं. कशानं गेली ते सांगितलंच असेल कोहेईनं. हाच पट्टा तिच्याही दंडाला... असो. डोळ्यांना काही नाही झालेलं, मेजाखालची धग लागते. पण या आठवड्यात वहिनींनी कमाल केली हां! गेल्या वर्षी नुसतं मीठ लागायचं, आणि आता — तोंडात टाकलं आणि वाटलं, मागे चुलीपाशी तीच उभी आहे. वळून बघितलं मी, वेड्यासारखं. दोन बशा — एक, एकच बशी खाल्ली. रोज. शीक जरा त्यांच्याकडून! नुसतं मीठ मोजून हाताला चव येत नसते, पोरी. थांब थांब, वाजलं ते! बघ — उतरलाय! सांगितलं नव्हतं? रोज बशीभर लोणचं हाणून उतरलाय! मीठ वाईट म्हणे! आता त्या पोरग्याच्या नाकावर टिच्चून चढतो शिडीवर! काय गं, हसायला काय झालं? बोल की! आल्यापासून ‘हो बाबा, बरं बाबा’ यापुढे शब्द नाही तुझा —”

चिनात्सुने पट्टा सावकाश गुंडाळला, यंत्र डब्यात ठेवलं.

“बाबा, वहिनींच्या पडवीतलं ते पिंप मी भरलंय. कृती त्यांनी सांगितली, हात माझा. मीठ निम्मं, साल दुप्पट.”

बाही खाली करायचंही तोकुजींना सुचेना.

“उद्यापासून बशी इथंच वाढीन,” ती म्हणाली. “पण आधी देवळापर्यंत जाऊन यायचं. मी बरोबर येतेय.”