स्पोक्सच्या मयतीतलं रडू

सोवेटोतल्या मॉलबाहेर टॅक्सीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी होत्या. स्पोक्स या गुंडावरचा सिनेमा बघून नुकत्याच बाहेर पडलेल्या.

"माराडेबे, पडद्यावर केवढी दिसलीस गं! स्पोक्सच्या मयतीत तुझ्यासारखं कुणीच रडलं नाही."

"शूटिंगवाल्यांनी गल्लीतल्या बायका बोलावल्या होत्या. काळे कपडे घालून या, म्हणाले."

"नवे शिवलेस?"

"कशाला? लुंगेलो गेल्यावर वर्षभर घातले, तेच. वर्ष सरलं की जाळायचे असतात. माझ्याने जाळवले नाहीत."

"अगं बाई! लेकाच्या सुतकाचे कपडे त्या स्पोक्सला?"

"अंगावर चढवले आणि लेकच आठवला. थांबवता येईना. डायरेक्टर म्हणतो कसा, मावशी, कॅमेरा तुमच्यावरच ठेवतो."

"पण लुंगेलोला त्या स्पोक्सने गोळी घातली, ते काही दाखवलं नाही मेल्यांनी."

"दाखवलं की. पेट्रोल पंपावर गाडीची किल्ली देत नाही, तो पोरगा. तो पडला तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास."

"मला काय ठाऊक! सगळं थिएटर वाजवत होतं. मयतीत मात्र रडले हो मी, तुझ्याकडे बघून."

"बघितलं. रुमाल भिजला तुझा."

"मग? शेजारीण आहे मी तुझी."

"लुंगेलोच्या मयतीच्या आदल्या दिवशी स्पोक्सच्या भीतीने गल्लीतली एकही बाई मयतीच्या जेवणाची भाजी चिरायला आली नाही. पोतंभर बटाटे मी एकटीने सोलले, अंगणात बसून. तुझ्या खिडकीचा पडदा तेवढा दोनदा हलला."