गॅलरी कोणी पाडली

मंडळी, भैया, दीदी, इथं जमलेले सगळे. माइक जरा खाली करून द्या. हव, आता ठीक आहे.

शोकसभेत काय बोलायचं असते ते मले माहीत आहे. आपल्या तात्यापारा मोहल्ल्याच्या याच हॉलमध्ये मी कितीतरी जणांसाठी बोललो. माणूस कसा होता, मागं कोण कोण आहे, देव त्याले शांती देवो. पण आज फोटो माणसाचा नाही. हार घातला आहे तो आपल्या स्टेडियमच्या गॅलरीले. मघाशी रस्त्यावरून एक जण डोकावला, मले विचारते, "बाबूजी, कौन गुजर गए?" काय सांगू त्याले? म्हटलं, घरचंच कोणीतरी. तो हात जोडून निघून गेला.

खुर्ची नको मले. राहू द्या. बसवत नाही. तीन महिने झाले, एका जागी बसवत नाही. जेवताना उठतो, पेपर वाचताना उठतो. सुधा म्हणते, अहो, तुमच्या पायात काय चरखा बसवला आहे काय. स्कूटर घेऊन भाजी आणायले निघतो आणि स्कूटर स्टेडियमच्या गल्लीत वळते. तिथं आता पत्रे ठोकले आहेत. पत्र्याच्या फटीतून पाहतो. पाहायले काही नाही. मंग भाजी न घेताच घरी येतो.

बाहेरगावचे पाहुणे हसतात आपल्याले. म्हणतात, रायपूर आणि बेसबॉल? अरे हव, बेसबॉल! खानोरकर सर नागपुराहून इथल्या शाळेत पीटी शिकवायले आले, तर ट्रंकेत कपडे कमी आणि दोन बॅटी, चार फाटके ग्लोव्हज जास्त. लोकांनी म्हटलं, मास्तर बह्याड आहे. त्या बह्याड मास्तरनं दहा वर्षांत मैदान केलं, टीम केली, आणि लोकांच्या मागं लागून लागून ती सिमेंटची गॅलरी बांधून घेतली. सात पायऱ्या. एका अंगाले आपण मराठी मंडळी आणि सदर बाजारातले कापडवाले, दुसऱ्या अंगाले भनपुरीचे ट्रकवाले. उन्हात पायऱ्या अशा तापायच्या, की घरून पोतं नेल्याशिवाय बसता येत नव्हतं. नवीन माणूस पोत्याशिवाय बसला, की सगळी गॅलरी त्याच्याकडं पाहत राहायची. बस, आता उठते. आता उठते.

आणि सरचा तो नियम. समोरच्या टीमनं होम रन मारला, बॉल पार कुंपणाबाहेर गेला, तर आपल्या गॅलरीनं उभं राहून टाळ्या वाजवायच्या. आपण हरून राहिलो तरी. भिलाईची टीम पहिल्यांदा आली तेव्हा त्यांच्या पोट्ट्यायले समजेना, हे लोक आपल्यासाठी काहून उठून राहिले. हे आपले साहू भैया, सदर बाजारातून शटर अर्धं पाडून यायचे, ते तर टाळ्याही वाजवायचे आणि तोंडानं शिव्याही द्यायचे. दोन्ही एकाच वेळी. हसू नका भैया, मी बाजूलेच बसत होतो.

तर अशी ती गॅलरी. रायपूर राजधानी झालं, शहराले घाई सुटली, रस्ते रुंद झाले, ऑफिसं आली. आपण म्हणत होतो, आपल्या गॅलरीले कोण हात लावते? नवीन शहरात मोठं स्टेडियम आहे, तिथं नंबर टाकलेल्या खुर्च्या आहेत, मी जाऊन आलो. चांगलं आहे. कोण कोणाच्या बाजूले बसते ते कोणालेच माहीत नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. नाहीतर मी असाच फिरत राहीन.

माह्या खिशात हा कागद आहे. निषेधाचा ठराव. माह्यानंतर तो वाचायचा आणि हात वर करून पास करायचा, असं ठरलं आहे. मंडळानं मलेच लिहायले सांगितला. म्हणे, ढोबळे बाबू लिहितात चांगलं, ढोबळे बाबूले ड्राफ्टिंग जमते. त्यात एक नाव आहे. मनीषचं. आपल्या गेलेल्या खानोरकर सरच्या जावयाचं. अमरावतीचा पोट्टा, इथं बांधकामाच्या ऑफिसात इंजिनीअर. गॅलरी पाडायच्या कागदावर त्याची सही आहे, म्हणून. सासऱ्यानं बांधली, जावयानं पाडली, असं सगळ्या तात्यापाऱ्यात म्हणून राहिले. दत्तजयंतीले त्याले आरतीचं ताट कोणी दिलं नाही. त्यानं हात पुढं केला होता. मी पाहिलं, आणि मी ताट पुढच्याले दिलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी माह्या घरी झाली. सुधा, मान खाली घालू नको, तुले काही माहीत नव्हतं. बाया म्हणाल्या, शुभांगीले बोलवायचं नाही. सरच्या पोटच्या पोरीले! आणि मी बाजूच्या खोलीत चहा पिऊन राहिलो होतो. सुधानं आवाज देऊन विचारलं, अहो, काय करू, कापू नाव? मी म्हटलं, तुमचं तुम्ही पाहा.

मंडळी, दोन वर्षांमागं त्या गॅलरीचा पापुद्रा निघाला होता. आठवते? तिसऱ्या पायरीची सळई बाहेर आली, सुधाची साडी फाटली. आपण दोन आवेदनं देली. नम्र. "मरम्मत करने की कृपा करें." उत्तर नाही. मंग साहू भैया म्हणाले, बाबू, जरा कड़क लिखो. आता मी जन्मभर सरकारी ऑफिसात बाबू होतो. मले माहीत आहे, मरम्मत लिहिलं की फाइल झोपते. जीव जाईल असं लिहिलं की चपराशी स्वतः पळत साहेबाकडं नेते. सगळेच असं लिहितात. नळाले पाणी कमी येत असलं तरी आम्ही 'महामारी की आशंका' लिहितो. तसंच लिहिलं मी. "उक्त दर्शक दीर्घा अत्यंत जर्जर है, किसी भी क्षण ढह सकती है, भारी जनहानि होगी." मले काय आनंद झाला होता ती ओळ लिहून! दोनदा वाचली मी ती स्वतःलेच.

सह्या गॅलरीतच घेतल्या. मॅच रंगात होती, तिन्ही बेस भरलेले, आपला पोट्टा बॅटिंगले. कागद एका हातातून दुसऱ्या हातात गेला. कोण वाचते अशा वेळी? ढोबळे बाबूनं लिहिलं म्हणजे बरोबरच असेल. तुम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. साहू भैया, तुमची पहिली आहे. भनपुरीच्या भावांनो, तुमच्या मागच्या पानावर आहेत.

आणि फाइल हलली.

थांबा. बसा, भैया. मले पूर्ण बोलू द्या, मंग काय म्हणायचं ते म्हणा.

मनीष तपासायले गेला होता. हातोडीनं ठोकून ठोकून पाहिली त्यानं प्रत्येक पायरी. त्यानं लिहिलं, दुरुस्ती होऊ शकते, पाडायची गरज नाही. वरून विचारणा आली. लोक स्वतः सह्या करून सांगून राहिले की माणसं मरतील, आणि तू म्हणतोस काही होत नाही. उद्या काही झालं तर तू जबाबदारी घेशील काय? काय करील तो? लहान लेकराचा बाप आहे. केली सही.

पाडायची मशीन यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो माह्या घरी आला. सुधा देवळात गेली होती. त्यानं आपल्या आवेदनाची झेरॉक्स माह्यासमोर ठेवली. म्हणे, "काका, एक ओळ लिहून द्या. की आम्ही जास्तीचं लिहिलं होतं, आम्हाले फक्त दुरुस्ती पाहिजे. सकाळी ऑफिस उघडलं की मी वर नेतो. काम थांबेल."

एक ओळ, मंडळी! मी, ज्यानं जन्मभर ओळीच लिहिल्या. पेन खिशात होता. पण मले वाटलं, मी खोटं लिहिलं असं मी माह्या हातानं लिहून देऊ? मंग तात्यापाऱ्यात ढोबळे बाबूची काय किंमत राहील? मी म्हटलं, "उद्या पाहू." तो म्हणे, "काका, उद्या मशीन आहे." मी म्हटलं, "पाहू न बाप्पा, तू चहा घे." त्यानं चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा गेलो. तुम्ही सगळे होते, घोषणा देऊन राहिले होते. मीही देल्ल्या. तुमच्यापेक्षा मोठ्यानं. आणि ती जर्जर गॅलरी, जी कोणत्याही क्षणी ढासळणार होती, ती दोन दिवस पडली नाही. पूर्ण दोन दिवस मशीन ठोकत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनवाला खाली उतरला, मलेच पाणी मागितलं आणि म्हणे, "बाबूजी, किसने लिख दिया कि ये कमजोर है? ये तो लोहा है." मी त्याले पाणी देल्लं. 

तेव्हापासून मले बसवत नाही.

मनीषनं कोणाले सांगितलं नाही. एका शब्दानं नाही. तुम्ही त्याले तोंडावर गद्दार म्हणून आले, तरी नाही. परवा मी त्याले बाजारात गाठला. म्हटलं, बाबा, काहून नाही सांगितलं? झेरॉक्स तर तुह्याकडं आहे. तर म्हणे, "काका, तुम्हाले याच लोकांत राहायचं आहे. मले काय, बदली मिळते." आणि बदली मिळाली आहे त्याले. जगदलपूर. उद्या सकाळी सामान जाते. शुभांगी ज्या गावात जन्मली, ज्या गावाले तिच्या बापानं हा खेळ देल्ला, तिथून ती उद्या निघून राहिली, आणि एकही बाई तिले वाटी भरून काही द्यायले गेली नाही. आपण इथं फोटोले हार घालून बसलो आहोत.

गॅलरीसाठी मले रडू येत नाही काय? येते. रोज येते. त्या पायऱ्यांवर माही जवानी गेली, माह्या पोरीनं तिथं पहिलं पाऊल टाकलं. पण सिमेंटले काही कळत नाही, मंडळी. सरच्या पोरीले कळते.

म्हणून हा ठराव मी वाचणार नाही. हा पाहा, फाडला. कोणाले निषेध करायचाच असेल तर माहा करा. कागद मी लिहून देतो, ड्राफ्टिंग मले जमते, आणि या वेळी एक शब्द जास्तीचा लिहिणार नाही. ज्यानं न वाचता सही केली त्यानं आपलं आपण पाहावं. मी तुमच्यावर ढकलत नाही. लिहिलं मी. थांबवता येत होतं, ते थांबवलं नाही मी.

सुधा, तू येते काय माह्यासंग? हळदीकुंकवाची डबी घे. हो, आत्ता. संक्रांत गेली तर गेली.

आता रीतीप्रमाणं दोन मिनिटं मौन पाळायचं आहे. सगळ्यांनी उभं राहावं. आपल्या गॅलरीसाठी, खानोरकर सरसाठी, मनापासून पाळा. माहा नमस्कार घ्या. मी मात्र थांबणार नाही. मी तीन महिने मौनच पाळलं आहे. मी मनीषच्या घरी चाललो.