मुलुंडच्या अंगावरचा माझा शर्ट

...नाही नाही, शर्ट गेल्याचं दुःख नाही हो! शर्ट काय, आज शर्ट आहे, उद्या लादी पुसायचं फडकं आहे. पण तो ज्याच्या अंगावर गेला तो माणूस त्यात माझ्यापेक्षा चांगला दिसावा? आणि त्याचा फोटो माझ्याच बायकोच्या मोबाइलवर यावा? आणि तो तिने मलाच दाखवावा, मी चपातीचा घास तोंडात घातलेला असताना, "हर्षद, बघ ना, काय दिसतोय हा!" असं म्हणत? तुम्हीच सांगा, घास खाली जाईल का? नाही गेला. पाणी प्यावं लागलं.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. आमची श्रुतिका, म्हणजे माझी बायको, जुने कपडे ऑनलाइन विकते. घाटकोपरला आमचं वन बीएचके, त्यात एक कपाट, त्या कपाटात कपडे इतके की दार उघडलं की काहीतरी पायावर पडणार. मग तिला कुणीतरी ते ॲप दाखवलं. फोटो टाका, दोन ओळी लिहा, कुणीतरी घेतं. आधी तिने स्वतःचे ड्रेस काढले, मग पोराचे लहानपणीचे काढले, आणि मग एका रविवारी मी आपला पेपर वाचत बसलोय, तर मान वर करून बघतो तर काय, बाई माझ्या खणासमोर उभी! कमरेवर हात!

आता पूर्वी कसं होतं? पूर्वी बोहारीण यायची. आमची आई दारात फतकल मारून बसायची, ती पलीकडे बसायची, मध्ये जुन्या कपड्यांचा ढीग आणि दीड तास भांडण! आई म्हणायची, "बाय माझे, ह्या पँटीक भोक खंय आसा तां दाखव!" शेवटी बाबांच्या तीन पँटी आणि एक साडी देऊन एक स्टीलचा डबा मिळायचा, त्याचंही झाकण ढिलं. पण एक होतं, तुम्हाला सांगतो, कपडा गेला की गेला! त्या बोहारणीने नंतर कधी दार वाजवून सांगितलं नाही, की वहिनी, तुमच्या मिस्टरांची पँट विक्रोळीच्या एका माणसाला काय शोभतेय म्हणून! सभ्यता होती हो त्या धंद्यात.

हां, तर शर्ट. मोरपंखी रंगाचा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळी-पाडव्याला श्रुतिकाने तिच्या पगारातून आणला होता. पाडव्याला खरं तर नवऱ्याने द्यायचं असतं, तेही मी दिलं होतं, मिक्सर दिला होता, पण हिने उलट मला शर्ट आणला आणि म्हणाली, "घाल, तुला हा रंग शोभेल." आणि मी काय केलं? घातला? छे! ठेवला! आमच्या घरात चांगली वस्तू वापरत नाहीत हो, ठेवतात. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकमध्ये, सोफ्यावर चादर, चादरीवर जुनी चादर. आजोबा मिलमध्ये कापड विणायचे, आयुष्यभर मैलोन्‌मैल कापड त्यांच्या हातून गेलं, आणि स्वतःचा नवा सदरा गणपतीशिवाय कधी बाहेर काढला नाही. ते रक्त आहे! मीही ठेवला. मेहुणीच्या लग्नात घातला, एकदा पूजेला घातला, एकदा असाच घालून बघितला आणि काढून ठेवला. चांगला प्रसंग येईल, तेव्हा घालू. आत कपाटात तो वाट बघत राहिला आणि बाहेर मी वाढत राहिलो.

त्या रविवारी श्रुतिका म्हणाली, "घालून उभा राहा, अंगावरचा फोटो असला की लवकर जातं." उभा राहिलो. पहिलं बटण लागलं. दुसरं लागलं. तिसऱ्याला मी श्वास सोडला नाही. चौथ्याला ती मोबाइल खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली, मोठा सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "राहू दे, हँगरलाच चांगला दिसेल." झालं! लोखंडाच्या त्या वेड्यावाकड्या तारेपुढे हरलो मी! आणि खाली काय लिहिलं माहितीये? 'एका सद्‌गृहस्थांनी अतिशय जपून, फक्त तीनदा वापरलेला. आता होत नाही.' आता होत नाही! हे जगाला कशाला सांगायचं?

शर्ट गेल्याचं दुःख नाही हो... तासाभरात गेला. मुलुंडला. खात्यावर नाव सर्वेश. चौथ्या दिवशी पाच स्टार आले आणि त्यांच्याबरोबर तो फोटो आला. बाल्कनीत उभा आहे, हात खिशात, उन्हात मोरपंखी रंग असा काही खुललाय, आणि पोट? पोट नाहीच! जिथे पोट असायला पाहिजे तिथे नुसता शर्ट! आणि खाली लिहिलंय, 'मंगळवारी ऑफिसला घातला. सगळ्यांनी विचारलं, कुठून घेतला.' मंगळवारी! अहो, मंगळवार हा काय प्रसंग आहे? मी ज्याच्यासाठी नऊ वर्षं प्रसंग शोधत होतो, तो ह्याने मंगळवारी घातला, डबा खाल्ला असेल त्यावर, आमटी सांडली असेल!

बरं, एवढ्यावर थांबला असता तर मी मोठ्या मनाने सोडून दिलं असतं. पण पाचव्या दिवशी मेसेज. 'ह्या साहेबांचं अजून काही आहे का?' आणि आमची काय उत्तर देते? "आहे ना दादा, भरपूर आहे!" आणि पुढे तो हसरा, गाल लाल झालेला चेहरा! मी म्हटलं, "लाल गाल कशाला?" तर म्हणते, "अरे, गिऱ्हाईक आहे, गोड बोलावं लागतं. गिऱ्हाईक म्हणजे देव!" देव! आमच्या घरातला देव मुलुंडला राहतो हे मला नव्यानेच कळलं. आणि मला गेल्या कित्येक वर्षांत मेसेज काय येतो? 'कोथिंबीर.' बस्स! एक शब्द! पुढे गाल नाही, चेहरा नाही, काही नाही.

मग माझं एकेक जायला लागलं हो. चौकटीचा शर्ट गेला, निळा गेला, खादीचा कुर्ता गेला. आणि दर वेळी फोटो! चौकटीचा घालून हा हॉटेलात बसलाय. कुर्ता घालून हा पाडव्याला गुढी उभारतोय. गुढी! आणि मी इकडे आमच्या खिडकीत, बनियनवर, बांबू धरून उभा! श्रुतिका तो फोटो बघत बघत, अगदी मनापासून हो, म्हणाली, "कपड्यांना शेवटी माणूस मिळाला बघ." मी म्हटलं, "आणि इतके दिवस कोण होतं आत?" तर हसली. नुसती हसली! हसली तेच लागलं मला. म्हणजे तुम्हाला सांगतो, मला काय हवं होतं, ताजमहाल? लग्न झाल्यावर पहिलं वर्षभर ती माझ्याकडे जशी बघायची, मान जरा तिरकी करून, तशी ती आता त्या फोटोकडे बघत होती. माझ्याच शर्टाकडे! फक्त आत मी नव्हतो.

मग मीही ठरवलं. बघतोच! भात बंद. सकाळी सोसायटीला वीस फेऱ्या. पंधराव्या फेरीला वॉचमन खुर्ची घेऊन धावत आला, त्याला वाटलं चक्कर येतेय. आईला सांगितलं, म्हटलं आई, बघ तुझी सून काय करतेय. आई लसूण सोलत होती, मान वर न करता म्हणते, "मेल्या, शर्टच विकल्यान ना? घोव नाय ना विकल्यान?" म्हटलं, आई, आता नवरा विकायचा तेवढंच राहिलंय, फोटो काढायचा बाकी आहे.

आणि मग आली ती पँट. तपकिरी. मुलुंडहून मेसेज आला, 'घाटकोपरला येणं आहे, हातोहात मिळाली तर बरं.' श्रुतिका म्हणाली, "मी देऊन येते मेट्रोच्या जिन्याखाली." मी असा उठलो की खुर्ची पडली! "तू? कशाला? मी देतो!" ती म्हणाली, "तू साधी कोथिंबीर आणायला दोनदा सांगायला लावतोस." म्हटलं, "पँट माझी आहे, मी देणार." आंघोळ केली, सेंट मारला, उरलेल्यातला एकच बरा शर्ट होता तो चढवला, पोट आत घेतलं आणि निघालो. शर्ट गेल्याचं दुःख नाही हो, पण एकदा त्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून बघायचं होतं. काय बोलणार होतो? माहीत नाही. पण बघणार होतो!

जिन्याखाली उभा राहिलो आणि समोरून तो आला. मोरपंखीच घालून! मला वाटलं होतं, ऐटीत येईल, गॉगल असेल. कसलं काय! बारीकसा माणूस, डोळ्यांखाली काळं, चेहरा असा की ह्याला कुणीतरी रोज घरी ओरडतंय. तो जवळ आला, थांबला, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि हळूच विचारतो, "हे... ते साहेब... तुम्हीच का?"

म्हटलं, "हो. मीच."

"अहो, तुम्ही माझं जगणं हराम केलंय हो!"

मी उडालोच! हा डायलॉग माझा होता! तो मी म्हणायचा! पण तो थांबेचना. "आमची गंधाली... माझी मिसेस... पहिल्या दिवसापासून एकच! 'बघ, कॉलर बघ! कुठे झिजलीय? एक बटण ढिलं आहे का? नाहीतर तू! नवा शर्ट दोन महिन्यांत पायपुसणं करतोस! किती शिस्तीचे असतील ते साहेब! किती नेटके!' अहो, त्या ॲपवर नाव माझं आहे, पण मला ते उघडतासुद्धा येत नाही. मेसेज सगळे तीच करते. 'ह्या साहेबांचं अजून काही आहे का', तीच विचारते! माझे फोटो तीच काढते, 'पोट आत घे, ताठ उभा राहा, ते साहेब कसे उभे राहत असतील!' आज तीच येणार होती, मी म्हटलं, तू नको, मी जातो! बघू तरी कोण आहे!"

म्हणजे बघा! मी त्याच्यावर जळतोय घाटकोपरला आणि तो माझ्यावर जळतोय मुलुंडला! मग बोलता बोलता माझा श्वास सुटला... किती वेळ धरणार?... आणि पोट बाहेर आलं. त्याने ते बघितलं. नीट बघितलं. आणि देवाशपथ सांगतो, त्या माणसाचा चेहरा असा उजळला! पटकन मोबाइल काढला, म्हणतो, "साहेब, एक फोटो घेऊ तुमचा? घरी दाखवायला?"

पँट त्याच्या हातात कोंबली आणि पळालो! अहो, फोटो काय काढू देतोय? अख्ख्या मुंबईत एक बाई अशी आहे की जिच्या डोळ्यांसमोर मी शिस्तीचा आहे, नेटका आहे, ताठ उभा आहे! मुलुंडमध्ये मी अजून बारीक आहे हो! ते कशाला घालवू?

घरी आलो. श्रुतिका भाजी परतत होती. मी आपलं सहज, अगदी सहज, पाण्याचा ग्लास भरत भरत म्हटलं, "अगं, तो सर्वेश मेसेज करत नाही. त्याची बायको करते. फार कौतुक करते म्हणे माझं."

कालथा थांबला.

गॅस बंद झाला. हात पदराला... म्हणजे गाऊनला पुसले, मोबाइल घेतला आणि बाई वरपासून सगळे मेसेज वाचायला लागली. "'ह्या साहेबांचं अजून काही आहे का'... हे ती विचारत होती?" म्हटलं, हो. "'साहेब कपडे फार जपतात, असं हल्ली बघायला मिळत नाही'... हे पण तिनेच?" म्हटलं, असेल बाबा, मला काय माहीत. "आणि 'साहेबांचा एखादा पांढरा सदरा असेल तर आधी मला सांगा'... मला? मला म्हणजे तिला?" मी पाणी पीत होतो. इतकं गोड पाणी मी आयुष्यात प्यायलो नव्हतो. "तिला काय करायचंय रे, आमचा माणूस कपडे जपतो का फाडतो? स्वतःचा नवरा नाही का तिला?" म्हटलं, "गिऱ्हाईक आहे गं. गिऱ्हाईक म्हणजे..." "गप्प बस!"

आणि ब्लॉक! पाच स्टारवालं, हातोहात माल उचलणारं, घरचं झालेलं गिऱ्हाईक एका बोटाने ब्लॉक! वर म्हणते, "आता तुझा रुमालसुद्धा मिळणार नाही तिला!" ॲपवर माझं जे जे काही शिल्लक होतं ते तिने एकेक करून काढून टाकलं, सगळे कपडे परत कपाटात कोंबले आणि किल्ली फिरवली. आणि मग माझ्याकडे वळून बघितलं. मान जरा तिरकी करून! म्हणजे तिला नुसतं तपासायचं होतं की ह्याच्यात त्या बाईला एवढं दिसलं काय, पण बघितलं ना! आनंद झाला हो, खोटं कशाला बोलू? डोळ्यांत पाणी आलं, मी कांद्यावर ढकललं.

आता कपाट गच्च भरलंय, त्यातलं अंगात एक होत नाही आणि विकायचं म्हटलं की बाई भडकते. शर्ट गेल्याचं दुःख नाही हो, पण जे राहिलेत त्यांचं काय करू? आणि वर पहारा! काल संध्याकाळी दळण आणायला निघालो, केस विंचरले होते एवढाच गुन्हा, तर दारात आडवी. "कुठे निघालास? मुलुंडवरून तर नाही ना जाणार?" अहो, गिरणी आमच्या बिल्डिंगच्या खाली आहे! सतरा पायऱ्या! पण सांगणार कुणाला... डबा घेतला, पोट आत घेतलं आणि गेलो.